खोड कुणी केलं?

मुलाला तबल्याच्या क्लासला घातलं, की आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, तबला कुठून घ्यायचा?" कसा घ्यायचा, हे सहसा कुणी विचारत नाही. दहिसरला कांदरपाड्याच्या बाजूला माझा छोटा क्लास आहे. येणारी बरीच मुलं कोकणातल्या घरांतली. कुणाचे आजोबा कणकवलीकडे भजनात पखवाजावर बसायचे, कुणाचा काका शिमग्यात ढोल घ्यायचा. घरात वाद्य यावं याला कुणाचा विरोध नसतो. घोडं अडतं ते दुकानात. समोर चकचकीत डग्गा असतो, मखमलीच्या चुंबळी असतात, झिपची बॅग असते, आणि माणूस तेवढंच बघून पैसे मोजून येतो. म्हणून हल्ली मी पालकांसोबत स्वतः जाते आणि दुकानदाराला सांगते, आधी खोडं दाखवा.

खोड म्हणजे तबल्याचं लाकडी अंग. जोडीतला डावा तो डग्गा, तो तांब्याचा किंवा पितळेचा. उजवा तबला लाकडाचा. त्याच्या तोंडावर चामड्याची पुडी, पुडीच्या मध्यावर काळी शाई, पुडीभोवती विणलेला गजरा, गजऱ्याच्या सोळा घरांतून खाली ओढलेल्या वाद्या आणि वाद्यांखाली अडकवलेले आठ गठ्ठे. रोज रियाज करणाऱ्याची पुडी काही काळानं बोलेनाशी होते, वादी तुटते, गठ्ठा हरवतो. हे सगळं नवं घालता येतं. खोड बदललं तर मात्र वाद्यच बदललं. चांगलं सुकवलेलं शिसवाचं खोड आजोबांकडून नातवाकडे जातं आणि नातवाच्या हाताखाली तितकंच खणखणीत वाजतं. तरी तबल्याबद्दल बोलताना आपण सगळे पुडीबद्दल, शाईबद्दल आणि वाजवणाऱ्याच्या बोटांबद्दल बोलतो. लाकडाबद्दल आणि ते कातणाऱ्या माणसाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. हे मला खटकतं, म्हणून हा लेख.

तबल्याला शिसव उत्तम, हे वादकांमध्ये सर्वमान्य आहे. खैर आणि बिबळा हेही मानाचे. आंबा आणि कडुनिंब स्वस्तात मिळतात, वजनाला हलके असतात आणि शिकाऊ जोड्यांमध्ये सर्रास दिसतात. दक्षिणेकडच्या मृदंगाला फणसाचं लाकूड लागतं, तिथे त्याशिवाय बोलायचं नाही. ओंडका घेतला आणि खोड केलं, असं होत नाही. लाकूड आधी सावलीत सुकायला हवं, तेही सावकाश. घाई करून उन्हात टाकलं तर बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओला राहतो आणि मधे चीर पडते. म्हणून जाणता कारागीर ओंडक्याच्या दोन्ही कापलेल्या तोंडांना मेण किंवा रंग फासून ठेवतो. पाणी बाजूनं हळूहळू जाऊ दे, तोंडातून भसाभस नको. मग लेथवर बाहेरचा आकार काढायचा: खाली रुंद, वर निमुळता. आतून पोकळी करायची ती निम्म्याहून थोडी जास्त खोल. तबला आरपार पोकळ नसतो. तळाचा भाग भरीव ठेवतात, त्यामुळे वजन खाली राहतं आणि चुंबळीवर तबला ठाम बसतो.

दुकानात मी काय बघते ते सांगते. पहिली गोष्ट, खोड दोन्ही हातांत धरून उचलायचं. सारख्या मापाची दोन खोडं शेजारी ठेवून उचलली की फरक मनगटाला कळतो. मग उलटं करून तळ बघायचा. तळाला पॉलिश पातळ असतं, तिथे लाकडाच्या रेषा खऱ्या दिसतात. रेषा जवळजवळ असाव्यात, मोठी गाठ नसावी. बाहेरून काळं पॉलिश मारलं की आंबाही शिसवासारखा दिसतो, म्हणून तळाशी नखानं किंचित खरवडून बघायला मला संकोच वाटत नाही. पुडी नसलेलं खोड मिळालं तर तोंडाच्या कडेवरून बोट फिरवायचं. कड सगळीकडे सारख्या जाडीची हवी आणि एका पातळीत हवी. कुठे बोट खाली गेलं तर तिथे पुडी कधीच नीट बसणार नाही, आणि सोळा घरांपैकी त्या एका घरात सूर लागता लागणार नाही. शेवटी चीर शोधायची. लाकडाचा भुसा आणि डिंक कालवून बुजवलेली चीर उजेडात तिरकी धरली की दिसते. बोटाच्या पेरानं टकटक करून ऐकलं तर आवाजातही कळते. चिरलेलं खोड भद्द बोलतं.

तोंडाचं मापही बघायला हवं. तोंड लहान तितका सूर चढा. पुरुष गवय्याच्या काळी एक पट्टीच्या साथीला साडेपाच इंचांच्या आसपासचं तोंड चालतं, बायकांच्या काळी चार-पाचाला त्याहून मोठं, खाली बोलणारं लागतं. मूल गाण्याच्या साथीला बसणार की एकटंच वाजवणार, हे ठरायला अवकाश असतो. त्यामुळे पहिला तबला काळी एकचा घ्या, असं मी सांगते.

आता लाकडानं आवाजात खरंच फरक पडतो का? पडतो, पण लोक समजतात तसा नाही. तबल्याला सूर असतो तो शाईमुळे. हे विज्ञानाच्या भाषेत पहिल्यांदा मांडलं सी. व्ही. रामन यांनी. 1920 साली 'नेचर' या नियतकालिकात रामन आणि एस. कुमार यांचं टिपण आलं, आणि पुढे रामन यांनी भारतीय चर्मवाद्यांवर सविस्तर निबंध लिहिला. साध्या ढोलावर थाप मारली की चामडं अनेक प्रकारे एकदम थरथरतं, पण त्या थरथरण्यांचं आपसात जमत नाही. म्हणून ढोलाला आवाज असतो, सूर नसतो. तबल्याच्या, पखवाजाच्या मध्यावर शाईचं वजन ठेवलं की ती थरथरणी एका हिशेबात येतात. चामड्याच्या पहिल्या नऊ कंपनप्रकारांतून पाच संवादी स्वर तयार होतात, असं रामन यांनी दाखवलं. आपल्या कारागिरांनी ही गोष्ट गणिताशिवाय, कानानं आणि हातानं, कित्येक पिढ्या आधी साधली होती. शाई चढवताना एकदा कुणीही बघावं. लोखंडाची बारीक पूड आणि भाताची किंवा मैद्याची खळ यांचा काळा लगदा. त्याचा पातळ थर द्यायचा आणि गुळगुळीत दगडानं घासत राहायचं, वाळेपर्यंत. मग त्यावर आधीपेक्षा थोडा लहान थर, पुन्हा घासणं. घासता घासता शाईला बारीक भेगा पडतात. नवख्याला वाटतं बिघडलं. त्या भेगा हव्याच असतात. त्या पडल्या नाहीत तर शाई ताठ बसते आणि चामडं तिच्याखाली गुदमरतं.

मग लाकडाचं काम काय? पुडीला घट्ट धरून स्वतः न हलणं. थाप पडली की पुडी हलायला हवी, तिची कड नाही. हलकं खोड पुडीबरोबर स्वतःही थरथरतं आणि थापेतला जोर खाऊन टाकतं. जड, दाट लाकूड तो जोर पुडीकडे परत देतं. त्यामुळे 'ना' हा बोल वाजवला की आस मागे रेंगाळते, सूर टिकतो. आंब्याच्या तबल्यावर तोच 'ना' टक्कन वाजतो आणि संपतो. शिकाऊ मुलाला आस ऐकू आली नाही तर तो बोट कधी उचलायचं हे शिकणार कसा? म्हणून 'सुरुवातीला साधा घेऊ, पुढे चांगला घेऊ' हे मला पटत नाही. डग्गा साधा घ्या, बॅग घेऊच नका, पण खोड चांगलं घ्या.

पखवाजाची गोष्ट वेगळी आणि माझ्या जास्त जिव्हाळ्याची. दहिसर-बोरिवली पट्ट्यात कोकणवासीयांची भजनी मंडळं गल्लोगल्ली आहेत. बायकांचीही आहेत, आणि मी अशाच एका मंडळात पखवाज वाजवते. पखवाज आडवा आणि आरपार पोकळ. उजवं तोंड लहान, त्यावर शाई. डावं तोंड मोठं, ती धूम. धुमेवर वाजवायच्या आधी कणकेचा गोळा थापतात. कणीक थोडी सैल मळायची, मधोमध लावायची, थाप मारून ऐकायचं, जास्त वाटली तर चिमटीनं काढायची, सूर चढला तर परत लावायची. कार्यक्रम संपला की ओल्या फडक्यानं पुसून टाकायची. भजनाच्या डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसतात तेव्हा रात्र चढते तशी हवा दमट होते, पुडी उतरते, आणि चालू गजरात एका हातानं ठेका धरून दुसऱ्या हातानं कणीक सारखी करणारे पखवाजी मी पाहिले आहेत. ते कसब टाळ्यांच्या आवाजात कुणाला दिसत नाही.

चांगला शिसवाचा किंवा खैराचा पखवाज दहा-बारा किलोंचा भरतो. मंडळाचा पखवाज घ्यायला आम्ही बायका गेलो तेव्हा दुकानदारानं परस्पर आंब्याचा पुढे केला. "ताई, तुम्हाला उचलायला हलका." त्याच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता, पण मला फार लागलं. पाण्याचे हंडे, गॅसचे सिलिंडर, आजारी सासूला चौथ्या मजल्यावरून खाली, हे सगळं उचलणाऱ्या बायका होत्या त्या. आम्ही खैराचा घेतला. लोकलमध्ये नेताना दोघी धरतो, सकाळच्या गर्दीत जातच नाही. पण तो 'धा' वाजला की मंडपाच्या मागच्या खुर्चीपर्यंत पोचतो, माईक नसला तरी.

ढोलकीचा बाजार आणखी निराळा. लावणीची ढोलकी, तिची कडक शाई आणि दुसऱ्या तोंडाला आतून लावलेला मसाला, हे कसबी माणसाचं काम आहे. आपल्या रस्त्यांवर, स्टेशनबाहेर खांद्यावर लटकवून विकतात ते बहुतेक उत्तर भारतातले ढोलक. उत्तर प्रदेशातलं अमरोहा हे त्याचं मोठं केंद्र. आंब्याची नि इतर लाकडांची पोकळ अंगं तिथे घरोघर लेथवर कातली जातात, आणि 2023 मध्ये अमरोह्याच्या ढोलकाला भौगोलिक मानांकनही मिळालं. गणपतीच्या आरतीला आणलेला ढोलक विसर्जनापर्यंत फाटतो, मग तो माळ्यावर जातो. त्याचं लाकूड मात्र धडधाकट असतं.

आपल्याकडे वाद्यं म्हटलं की मिरजेचं नाव निघतं, आणि निघायलाच हवं. सतार-तंबोऱ्यांमुळे ते गाजलं, पण तबला करणारी घराणीही तिथे घडली. त्यांतलेच हरिदास व्हटकर. तबला घडवणाऱ्यांची त्यांची तिसरी पिढी. कांजूरमार्गला त्यांचं काम चालतं. 1998 पासून ते उस्ताद झाकीर हुसेन यांचे तबले करत आले. 15 डिसेंबर 2024 ला झाकीरभाई सॅन फ्रान्सिस्कोत गेले, आणि तेव्हा पहिल्यांदा कितीतरी लोकांनी व्हटकरांचं नाव वर्तमानपत्रात वाचलं. माहीमला जन्मलेल्या त्या कलाकाराचा तबला जगभर वाजला, तो मुंबईतल्याच एका कारागिराच्या हातून उतरत होता. एवढी जवळची गोष्ट कळायला आपल्याला वादकाचा मृत्यू लागला, याचं मला दुःख आहे.

आणि व्हटकरांचं नाव निदान कळलं तरी. बहुतेक तबल्यांवर नाव असलंच तर दुकानाचं असतं. पुडी चढवणारा एक, खोड कातणारा दुसरा. कित्येकदा दोघं एकमेकांना ओळखतही नाहीत. खोड हजार-दीड हजार किलोमीटरवरून गोणीत भरून येतं. पुडीचं काम चामड्याचं. आपल्या समाजानं चामडं ज्यांच्या वाट्याला ढकललं त्या जातींतले कारागीर, आणि मुसलमान कारागीर, यांनीच ते पिढ्यान्‌पिढ्या केलं. देवळात पखवाज पूजला गेला, त्यावर गंध-फूल वाहिलं गेलं, आणि तो मढवणारा पुष्कळ वर्षं देवळाच्या बाहेर राहिला. दक्षिणेत मृदंग करणाऱ्यांबद्दल हीच गोष्ट गायक टी. एम. कृष्णा यांनी 2020 साली 'सेबॅस्टियन अँड सन्स' या पुस्तकात मांडली. मराठीत तबला-पखवाज करणाऱ्यांवर तसं काम व्हायला हवं, आणि ते हात चालू आहेत तोवर व्हायला हवं.

लाकडाचीही अडचण वाढत चालली आहे. फर्निचरच्या हव्यासापायी जगभर शिसवाच्या जातीची झाडं बेसुमार तुटू लागली. म्हणून 2016 मध्ये जोहान्सबर्गला झालेल्या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत अख्ख्या डालबर्जिया कुळावर निर्बंध आले, 2 जानेवारी 2017 पासून. आपली शिसव त्याच कुळातली. सीमेपलीकडे विकायला पाठवायच्या वाद्याला कागदपत्रं लागू लागली. महिन्याला दोन-चार जोड्या परदेशी धाडणारा छोटा कारागीर त्या फॉर्मांत अडकला. 2019 मध्ये जिनिव्हाच्या परिषदेनं तयार वाद्यांना सूट दिली आणि ती गाठ सुटली. झाडं राखायलाच हवीत, त्यात वाद नाही. महाराष्ट्रातही आंबा, फणस, खैर, बिबळा ही झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. पण एका खोडाला लागतं ते लाकूड हातभर लांबीचं, आणि ते शंभर वर्षं वाजतं. पलंग आणि तबला यांना एका मापानं मोजू नये, एवढं जिनिव्हाच्या निर्णयानं मान्य केलं.

लाकडाला पर्याय म्हणून फायबरची अंगं आली आहेत. मिरवणुकीतल्या ढोलांचं लाकूड जाऊन पत्रा आणि चामडं जाऊन प्लास्टिकचं पान आलं, त्याला बरीच वर्षं झाली. मिरवणुकीला ते ठीक असेल. पाऊस लागत नाही, वजन कमी, आवाज मोठा. पण ज्या वाद्याला सुरात लावायचं त्याला ते चालत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

लाकूड महाग आणि दुर्मिळ होत असताना आमच्या दहिसरमध्ये ते कचऱ्यात जातंय, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त छळते. जुन्या चाळी आणि तीन-चार मजली सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत. घर रिकामं करायचं म्हटलं की माळा साफ होतो. त्यात एखादा तबला असतोच: पुडी फाटलेली, उंदरांनी वाद्या कुरतडलेल्या, गठ्ठे गायब. भाड्याच्या घरात जागा नसते, आणि 'मोडका तबला' भंगारवाल्याकडे जातो. भंगारवाला डग्ग्याचं तांबं घेतो, लाकूड टाकून देतो. मी क्लासच्या सगळ्या पालकांना सांगून ठेवलंय, टाकू नका, मला हाक मारा. अशी आलेली बरीच खोडं शिसवाची निघाली आहेत, आज नव्यानं घ्यायला गेलं तर परवडणार नाहीत अशी. आतून-बाहेरून पुसायची, थोडं तेल पाजून सावलीत ठेवायची. बारीक चीर असेल तर बुजते, तळापर्यंत गेलेली असेल तर मात्र नाद सोडायचा.

मग ती खोडं घेऊन मी दहिसर पूर्वेला आमच्या मामांकडे जाते. मामा म्हणजे पुडी चढवणारे. सगळा पश्चिम पट्टा त्यांना मामाच म्हणतो. खोड हातात घेतलं की पुडीचा विषय निघायच्या आत ते कड घासायला बसतात. ओली वादी गजऱ्यातून ओवताना, दातात धरून ताणताना त्यांच्याशी बोलायचं नसतं. सोळा घरं सारखी खेचली गेली की मग ते मान वर करतात. क्लासच्या मुलांना मी आळीपाळीनं तिथे नेते. ज्या मुलानं पुडी चढताना पाहिली, तो हातोडी गजऱ्यावर हलकी मारतो. दुसऱ्यांना ते दहा वेळा सांगावं लागतं.

मामांना मी एकदा विचारलं, हे खोड कुणी केलं असेल? "वरून, उत्तरेकडून आलेलं दिसतंय," म्हणाले. दुसरं दाखवलं, तर म्हणाले मिरजेकडचं असेल, कातणी तशी आहे. नाव त्यांनाही सांगता आलं नाही. तेव्हापासून नवी पुडी चढायच्या आधी खोडाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं आम्ही लिहून ठेवतो: लाकूड कुठलं, पुडी कुठल्या साली चढली, कुणी चढवली, कुणाच्या घरातून आलं. पुढची पुडी काढेल त्याला ते वाचता येईल. पहिल्या वेळी मामा स्वतःचं नाव लिहायला तयार नव्हते. "माझं कशाला, वाजवणाऱ्याचं लिहा." आता खोड उलटं केलं की स्वतःच पेन्सिल मागतात. आतली शेवटची ओळ खोड करणाऱ्याची असते. तिच्यापुढे बहुतेक वेळा नुसतं गाव लिहावं लागतं, कधी तेही नाही. नवं खोड विकत घेताना मी दुकानदाराला कातणाऱ्याचं नाव विचारते. पुढच्या गोणीबरोबर नावं मागवीन, असं एकानं कबूल केलंय. त्याला फोन करायचा आहे.